तिसऱ्या टोपलीपर्यंत

ऑस्ट्रेलियाहून परत येऊन मला दीड महिना झाला. वसईत रविवारची मिस्सा संपली की देवळाबाहेर कोणी ना कोणी विचारतंच, "काय अंतोन, कांगारू बघितलेस का?" बघितले. कालगुर्लीच्या रस्त्याकडेला दोन मेलेले आणि एक जिवंत. पण या वयात चौऱ्याहत्तर वर्षांची हाडं घेऊन मी कांगारू बघायला गेलो नव्हतो. मी माझ्या मुलीला, सिंथियाला, एक गोष्ट सांगायला गेलो होतो. ती तुम्हांलाही सांगायला हवी, कारण तुम्हांला मी ती खोटी सांगितली आहे.

माझी बायको फिलोमिना दोन वर्षांपूर्वी गेली. मयताला आलेल्या प्रत्येकाला मी म्हणालो, "सिंथूला कळवलं होतं. आली नाही." तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. बाहेर गेलेली पोरं अशीच, असं म्हणालात. मी मान हलवली. खरं असं की मी कळवलंच नव्हतं. फिलू एकवीस दिवस हॉस्पिटलात होती. रोज विचारायची, "कळवलंस ना?" आणि मी रोज सांगायचो, "कळवलं." फोन माझ्याच खिशात असायचा.

असं का केलं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

आधी चीन

माझी आई बाजारात भाजी आणि उन्हात वाळवलेली सुकेळी विकायला बसायची. शनिवारी मी तिच्याजवळ बसायचो. भाव पटला नाही आणि गिऱ्हाईक उठून चालू लागलं, की आई लगेच हाक मारत नसे. शेजारणींच्या तीन टोपल्या ओलांडू द्यायची, मग म्हणायची, "ये गो बाय, घेऊन जा तुझ्या भावाने." मोठेपणी मी एका कारखान्याच्या खरेदी खात्यात तीस वर्षं काढली आणि तीच गोष्ट उलट बाजूने वापरली. पाठ फिरवायची, चालू लागायचं, मागे बघायचं नाही. हाक येतेच. मला आली नाही असं क्वचितच झालं असेल. या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

सिंथू डॉक्टरकी शिकायला चीनमध्ये गेली, कारण इथे जागा मिळाली नाही. शेवटच्या वर्षी मी आणि फिलू तिला भेटायला गेलो. तिने आम्हांला तिथल्या मोठ्या बाजारात नेलं. रस्त्याखाली उतरणारा जिना आणि खाली गल्ल्याच गल्ल्या. मोजे, छत्र्या, किटल्या, चष्मे. माणसं एवढी की फिलूने माझ्या शर्टाचं टोक धरून ठेवलं होतं. भाषा येत नसली तरी अडत नाही. दुकानदारीण कॅल्क्युलेटर पुढे करते, त्यावर आकडा असतो, तुम्ही तो पुसून आपला टाकायचा.

फिलूला झाकणाचा एक कप आवडला. पांढरा, त्यावर निळा मासा. बाई विणत बसली होती. तिने एका हाताने आकडा टाकला. सिंथूने छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटले, जणू तिला कोणी सुरी मारली. मग चिनीत सुरू झाली. बाई हसली, शेजारच्या दुकानवालीला कॅल्क्युलेटर दाखवून काही बोलली, ती पण हसली.

"काय म्हणतेय ती?" फिलूने विचारलं.

"म्हणतेय, ही काळी पोरगी आमच्या सासूपेक्षा कंजूस आहे."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मी स्टुडंट आहे, नूडल्सवर जगते, माझ्या आईकडे बघ किती लांबून आलीय बिचारी."

आमच्याबरोबर लिन नावाचा एक मुलगा होता. समोरच्या कॉलेजात खाणकाम शिकतो, मित्र आहे, एवढीच त्याची ओळख आम्हांला करून दिली होती. त्याने घड्याळ बघितलं, कंटाळल्यासारखं तोंड केलं आणि सिंथूची बाही ओढली.

"बस चुकेल म्हणतोय," सिंथू हळूच म्हणाली. "बस-बिस काही नाही गं आई. हे ठरलेलं असतं."

दोघं चालू लागली. तिसऱ्या दुकानाशी हाक आली. कप फिलूला मिळाला. सिंथू आनंदाने नाचत होती, आणि मी मात्र लिनच्या हाताकडे बघत होतो. कारण मी आणि फिलू आयुष्यभर असंच करत आलो होतो. तिने वस्तूवर जीव टाकायचा आणि मी तिची बाही ओढायची. हे एका दिवसात जमत नाही. बाही कधी ओढायची हे न बोलता कळायला वर्षं लागतात. मुलीने सांगायच्या आधी मला त्या कपाच्या दुकानात कळलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या हॉस्टेलच्या खोलीत तिने सांगितलं, लिनशी लग्न करायचंय. मी अटी घातल्या. आधी त्याचा बाप्तिस्मा. लग्न आपल्या देवळात. मग वसईतच दवाखाना, परदेशात राहायचं नाही. यातलं निम्मं मिळालं असतं तरी मी तयार होतो. भाव करणारा माणूस नेहमी जास्तच मागतो. पण ते मी तिला सांगितलं नाही, कारण ते सांगितलं की भाव करण्यात काय उरलं?

सिंथू म्हणाली, "पप्पा, मी काही विकायला बसलेले नाही."

मी बॅग उचलली आणि खाली उतरलो, फिलू मागोमाग. हॉस्टेलपासून फाटकापर्यंत झाडांमधून लांबलचक वाट होती. मी चालत राहिलो. मागे बघितलं नाही. हाक आली नाही. टॅक्सीत बसल्यावर मी फिलूला म्हणालो, "थांब. हाक मारील ती."

बारा वर्षं मी हेच म्हणत होतो. तिच्या लग्नाचं आमंत्रण आलं नाही असं मी तुम्हांला सांगितलं. आमंत्रण आलं होतं, दोन तिकिटांसकट, आणि मी ती तिकिटं परत करायला लावली. आमंत्रण म्हणजे हाक नव्हे, असं माझं म्हणणं. तिने 'चुकले' म्हणायला हवं होतं. मग फिलू आजारी पडली. आजारपण सांगून बोलावणं म्हणजे आपणच आधी भाव उतरवणं. शिवाय फिलू बरी होणार, असं मला वाटत होतं.

सिडनी

सिंथू आणि लिन लग्नानंतर ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या टोकाला, कालगुर्लीत स्थिरावली होती, पण माझा पुतण्या ग्लेन सिडनीत कॅसल हिलला राहतो. त्यानेच सिंथूला फोन करून विचारलं, काका येऊ म्हणतोय. तिचं उत्तर त्याने मला जसंच्या तसं सांगितलं: "यायचं तर येऊ दे."

मी आगाशीहून सुकेळी नेली होती. लहानपणी सिंथू ती उशीखाली लपवून खायची. विमानात एक कागद भरायला देतात, खायचं काही आणलंय का म्हणून. मी "हो" वर खूण केली. विमानतळावर एका तरुण बाईने पुडकी उघडली, वास घेतला.

"बनाना?"

"सन ड्राइड. फॉर माय डॉटर."

"सॉरी, डार्लिंग. कान्ट लेट इट इन." तिने सगळी पुडकी पिवळ्या डब्यात टाकली आणि हसून म्हणाली, "थँक यू फॉर डिक्लेअरिंग." खरं सांगितलंत म्हणून दंड नाही, असं तिने मला समजावलं. खरं सांगितल्याबद्दल माझे आभार मानणारी या प्रवासातली ती एकटीच.

ग्लेनचं घर मोठं, स्वच्छ, आणि दुपारभर रिकामं. दोघं नवराबायको कामाला. रस्त्यावर माणूस दिसत नाही. फक्त बागेला पाणी घालणाऱ्या नळ्या आपोआप सुरू होतात. शनिवारी ग्लेन म्हणाला, "काका, चल तुला मार्केटला नेतो. चायनीज लोक असतात. तुला आवडेल." मेट्रोने शहरात गेलो. मोठ्या छपराखाली बाजार, आणि त्याच्या दारातच मी उभा राहिलो. तीच गर्दी, तीच किटल्यांची रांग, मोजे, छत्र्या. भाजीवाल्यांची उठायची वेळ झाली होती, एकजण खोक्यावर चढून ओरडत होता, "वन डॉलर, वन डॉलर!"

आयव्ही, माझी नात, सहा वर्षांची आहे हे मला ग्लेनकडून कळलं होतं. सुकेळी तर गेली होती. एका टेबलावर लोकरीच्या टोप्या होत्या, त्यांतली एक लाल, वर गोंडा. टेबलामागे माझ्याच वयाची चिनी बाई.

"हाऊ मच?"

तिने कॅल्क्युलेटर पुढे केला. पंधरा.

"काका, नको ना," ग्लेन कुजबुजला. "इथे असं करत नाहीत. एम्बॅरेस होतं."

"तू तिकडे जाऊन कॉफी पी."

मी पुसून आठ टाकले. तिने कपाळावर हात मारला, बारा टाकले. मी डोकं हलवलं, टोपी खाली ठेवली आणि पाठ फिरवली. बारा वर्षांनंतर पायांना हे आपोआप आलं. एक टेबल. दुसरं. तिसऱ्याशी मागून आवाज आला:

"अंकल! अंकल! ओके, कम बॅक!"

मला वळता येईना. माझे पाय जागच्या जागी थांबले आणि मी भर बाजारात, लोकांच्या पिशव्यांचे धक्के खात, रडायला लागलो. बाई टेबलामागून बाहेर आली. तिने माझं तोंड बघितलं आणि तिला वाटलं, ही घासाघिशीची नवीनच तऱ्हा आहे.

"नो क्राय," ती चिडून म्हणाली. "टेन. ओके, एट! एट! यू वेरी बॅड मॅन."

मी पंधरा दिले. तिने उरलेले परत माझ्या खिशात कोंबले आणि शेजारणीला काहीतरी सांगितलं. दोघी हसल्या.

कालगुर्ली

पर्थपर्यंत पाच तास, तिथून लहान विमान. खाली लाल माती, तिच्यात झुडपं, आणि कुठेच काही संपत नाही. गाव सोन्याच्या खाणीवर जगतं. रुंद रस्ते, जुनी दगडी हॉटेलं, रस्त्यावर नारिंगी कपड्यांतली माणसं. दिवसा ऊन आणि सकाळी असा गारठा की गवत पांढरं.

विमानतळावर सिंथू उभी होती. केस कापलेले, कानशिलांशी पांढरे. तिने माझी बॅग घेतली.

"प्रवास ठीक झाला का तुमचा?"

आमच्या घरात बापाला कोणी "तुम्ही" म्हणत नाही.

घरी लिन दारात आला. जाडा झालाय. त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाला, "जेवला का?" फिलूने त्याला चीनमध्ये शिकवलेले तेवढेच दोन शब्द. त्याने ते सांभाळून ठेवले होते. मला त्याच्या डोळ्यांत बघता आलं नाही.

आयव्हीने टोपी लगेच घातली.

"आजोबांना काय म्हणायचं?" सिंथूने मराठीत विचारलं.

"थँक यू. इज ही द वन हू डझन्ट टॉक टू अस?"

"आयव्ही!" लिन म्हणाला. सिंथू माझ्या ताटात मासा वाढत होती. आलं घालून वाफवलेला, बिनतिखटाचा. शेजारी तिने आपल्याकडच्या बाटली मसाल्याची वाटी ठेवली होती. मसाला बाजारचा नव्हता, घरी भाजलेला होता. वास फिलूच्या हातासारखाच.

दुसऱ्या दिवशी लिनची सुट्टी होती. त्याने मला खाण दाखवायला नेलं. गावाच्या कडेलाच आहे, कठड्याशी उभं राहून बघायचं. खड्डा म्हणणं चूक ठरेल. आपल्या आजूबाजूची चार गावं, देवळांसकट, आत उतरवली तरी कळस वर दिसणार नाहीत. तळाशी ट्रक मुंगीएवढे, आणि त्यांच्या चाकांची उंची दोन माणसांची, असं लिन म्हणाला. मी विचारलं, एका ट्रकभर दगडात सोनं किती? त्याने चिमूट करून दाखवली.

"अँड द रेस्ट?"

"वेस्ट," तो म्हणाला आणि लांबच्या टेकड्यांकडे बोट दाखवलं. मला वाटलं होतं, त्या देवाने केलेल्या टेकड्या आहेत. "वी पाइल इट. इट स्टेज हिअर."

परतताना गाडीत त्याने विचारलं, मदर आजारी होती का फार दिवस? मी म्हणालो, ते सिंथूला आधी सांगायचंय. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे नजर लावली. मला वाटतं त्याला तिथेच कळलं. न बोलता कळणाऱ्यांतला आहे तो. मी कपाच्या दुकानात बघितलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिंथू अंगणात कपडे वाळत घालत होती. तिथे छत्रीसारखी गोल फिरणारी दोरी असते. मी चिमटे द्यायला उभा राहिलो. हॉस्पिटलचे निळे कपडे, आयव्हीचा शाळेचा फ्रॉक. मी चिमटे देता देता सगळं सांगितलं.

तिचा हात दोरीवरच राहिला.

"किती दिवस?"

"एकवीस."

"ग्लेन म्हणाला होता, अचानक गेली. हार्ट."

"ग्लेनला मीच तसं सांगितलं."

"शुद्धीवर होती?"

"शेवटचे दोन दिवस नाही. तोवर होती. तुझ्या त्या कपातूनच पाणी प्यायची. घरून आणायला लावला होता."

"माझ्याबद्दल विचारायची?"

"रोज."

"आणि तू सांगायचास..."

"कळवलं म्हणून."

"मग ती काय म्हणायची?"

येताना विमानात मी सगळ्याची तयारी केली होती. शिव्यांची, रडण्याची. या प्रश्नाची नव्हती. खोटं बोलायची ती शेवटची संधी होती आणि मी ती सोडली. "आधी म्हणायची, ड्यूटी असेल, येईल. मग एकदा म्हणाली, 'माझ्यावर पण रागावलीय वाटतं.'"

सिंथू खाली बसली, लाल मातीत, ओल्या कपड्यांच्या टोपलीशेजारी. रडली नाही. बराच वेळ एका मोज्याचं पाणी पिळत राहिली.

"एक दिवस लागतो यायला," ती म्हणाली. "फक्त एक. वीस दिवस मी तिच्याजवळ बसले असते. माझ्या वॉर्डात म्हातारी माणसं विचारतात, मुलगा निघाला का म्हणून. नसेल निघाला तर आम्ही तसं सांगतो. खोटं नाही सांगत, पप्पा. अनोळखी माणसांनाही नाही."

मी म्हणालो, "मी थांबलो होतो. तू हाक मारशील म्हणून."

"मारणार होते." तिने वर बघितलं. "त्या दिवशी हॉस्टेलच्या गॅलरीत उभी होते मी. तोंड उघडलं होतं. पण आजी काय सांगायची? तू तिच्या टोपलीशी बसायचास, मी पण बसलेय. गिऱ्हाईक चालायला लागलं की पाऊल बघ. तिसऱ्या टोपलीशी मंदावलं, तर मार हाक, ते यायला तयार आहे. नाही मंदावलं, तर नको मारूस. त्याला तुझ्याकडचं काही नकोय." तिने मोजा टोपलीत टाकला. "आईचं मंदावलं होतं. दोनदा थांबली ती. तुझं नाही."

हे आईचं बोलणं मला ठाऊक होतं. पन्नास वर्षांत मला ते एकदाही आठवलं नाही, कारण माझ्या उपयोगाचं नव्हतं. विकणाऱ्याला कळू नये म्हणून मी पाऊल मंदावू न देण्याचीच सवय करून घेतली होती. मनात होतं वळायचं. पायांना मी शिकवलं होतं लपवायला.

"माझ्या मनात तसं नव्हतं गं," मी म्हणालो.

"मला पाऊल दिसलं," ती म्हणाली, उठली आणि उरलेले कपडे वाळत घातले. चिमटे तिने स्वतःच घेतले. संध्याकाळी ती कामावर गेली.

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तपासल्या, एक बदलायला सांगितली. पुन्हा "तुम्ही" सुरू झालं. आयव्हीने मला तिच्या पुस्तकातले पक्षी दाखवले. लिनने डबा भरून दिला.

परत

विमानतळावर सिंथूच सोडायला आली. लहान विमानतळ, आत एकच दालन, समोर काचेचं दार आणि दाराबाहेर लगेच विमान. तिने माझ्या खांद्याला हात लावला. "गोळ्या वेळेवर घ्या," म्हणाली. मी म्हणालो, "फिलूचा कप माझ्याकडे आहे. तुला हवा तर पाठवतो." ती म्हणाली, "राहू द्या तिथेच. ती त्यातून पाणी प्यायलीय."

मी बॅग उचलली आणि दाराकडे निघालो. खुर्च्यांच्या तीन रांगा होत्या. पहिल्या रांगेशीच मी पाऊल मंद केलं. दुसऱ्या रांगेशी अजून मंद. कोणालाही दिसेल एवढं. तिसऱ्या रांगेशी मी जवळजवळ उभाच होतो. एवढं उघडं पाऊल मी आयुष्यात टाकलं नव्हतं. आईच्या टोपलीशी बसलेली कोणीही बाई सांगू शकली असती, की या माणसाला परत यायचंय, याला कुठल्याही भावात यायचंय.

मी थांबलो. मागे बघितलं नाही. बघायचं नव्हतं असं नाही. धीर झाला नाही.

हाक आली, पण ती पुढून. दाराशी तिकिटं तपासणारी बाई हात हलवत होती.

"यू राइट, डार्ल? कीप कमिंग, दे आर वेटिंग ऑन यू."

मी चालू लागलो.